या चुका टाळा: मिथेनॉलवर वाढणाऱ्या जिवाणूंचे ऑक्सोट्रॉफ शोधताना

सक्सिनेट आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या मास्टर प्लेटवर गुलाबी ठिपका आहे, मिथेनॉलच्या मिनिमल प्लेटवर (फक्त क्षार आणि मिथेनॉल) मात्र ती जागा रिकामी. ‘मिळाला ऑक्सोट्रॉफ!’, म्हणजे एखादं पोषक द्रव्य स्वतः बनवू न शकणारा म्युटंट, असं वहीत लिहायची घाई करू नका.

मिथायलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स एएम१ या मिथेनॉलवर वाढणाऱ्या गुलाबी जिवाणूच्या बाबतीत सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ती कॉलनी एखाद्या अमिनो आम्लावाचून अडली आहे, की तिला मिथेनॉलच वापरता येत नाही? मिथेनॉल डिहायड्रोजनेज हे मिथेनॉल वापरणारं एन्झाइम बिघडलेला म्युटंटही अशीच रिकामी जागा दाखवतो. म्हणून सोबत मिथेनॉलऐवजी सक्सिनेट असलेली मिनिमल प्लेट ठेवाच. तिथे बिनतक्रार वाढला, तर अडचण मिथेनॉलच्या वाटेवर आहे. काही म्युटंट तर मिथेनॉलसोबत चिमूटभर ग्लायऑक्सिलेट दिलं की वाढतात आणि हुबेहूब ऑक्सोट्रॉफ वाटतात. खरं तर त्यांच्यात सेरीन चक्राला (मिथेनॉलमधला कार्बन पेशीत बांधणाऱ्या वाटेला) लागणारं ग्लायऑक्सिलेट पुन्हा तयार होत नसतं. सक्सिनेटवर त्यांचं सोंग उघडं पडतं.

दुसरी चूक अगदी साधी. मिथेनॉल उडून जातं. ते ऑटोक्लेव्हआधी घालू नका; माध्यम कोमट झाल्यावर गाळून निर्जंतुक केलेलं घाला, साधारण ०.५ टक्के, आणि प्लेट नीट बंद करा. एकदा इन्क्युबेटरच्या पंख्यासमोरच्या प्लेटवर आम्हाला भरघोस ‘म्युटंट’ मिळाले होते. शेजारी ठेवलेला मूळ स्ट्रेनही त्या प्लेटवर वाढला नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

उलटंही होतं. मास्टर प्लेटवरच्या कॉलनींचा ठसा मखमली कापडाने दुसऱ्या प्लेटवर उमटवताना मखमल जोरात दाबली की पेशींबरोबर मास्टर प्लेटवरची पोषकंही येतात आणि ज्या जागा रिकाम्या राहायला हव्या, तिथे फिकट गुलाबी साय धरते. हलक्या हाताने दाबा, पहिली प्रत टाकून द्या.

पेनिसिलिनने वाढणाऱ्या पेशी मारून न वाढणारे ऑक्सोट्रॉफ वेगळे काढताना ई. कोलायचं वेळापत्रक उचलू नका. एएम१ मिथेनॉलवर दुप्पट व्हायला तीन-चार तास घेतो, आणि पेनिसिलिन फक्त वाढणाऱ्या पेशी मारतं. शिवाय अनेक मिथायलोबॅक्टेरियम पेनिसिलिनला दाद देत नाहीत. आपला स्ट्रेन मरतो का, हे आधी तपासा. म्युटाजेन (जनुकांत बदल घडवणारं रसायन) दिल्यावर पोषक माध्यमात काही पिढ्या वाढू द्या, नाहीतर पेशीत उरलेलं जुनं एन्झाइम म्युटंटलाही तात्पुरतं तगवतं आणि पेनिसिलिन नेमकं त्यालाच मारतं.

शेवटी म्युटंट धुऊन त्याच्या भरपूर पेशी मिनिमल प्लेटवर पसरा. थोडे रिव्हर्टंट (पुन्हा मूळ स्ट्रेनसारखे वाढणारे) आले तर एकाच जागी बिघाड असण्याची शक्यता जास्त. एकही आला नाही, तर नायट्रोसोग्वानिडीन या म्युटाजेनचा डोस जड होऊन एकाहून जास्त बिघाड झाले का, ते वहीत मागे जाऊन बघा.