नागपुरात फॅलेनॉप्सिस जगवायचं तर

नर्सरीत फॅलेनॉप्सिस हे ऑर्किड घेताना आधी मुळं बघा, फुलं नंतर. हे झाड मातीतलं नाहीच. फिलिपिन्स, इंडोनेशिया, तैवानच्या दमट जंगलांत ते मोठ्या झाडांच्या फांद्या धरून राहतं. याच्या जातींपैकी पांढरी अमाबिलिस इंडोनेशियाची, गुलाबी शिलेरियाना आणि इवली इक्वेस्ट्रिस फिलिपिन्सची. बाजारातली रोपं बहुतेक अशांचे संकर. डेलिसिओसा मात्र आपल्या पश्चिम घाटातही सापडते, याचं मला फार अप्रूप.

झाड मातीतलं नाही, म्हणून कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, भोकं भरपूर, आत पाइनची साल आणि कोळशाचे तुकडे. मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबा. वार ठरवून पाणी घालू नका. पाणी सकाळीच द्या, आणि पानांच्या बेचक्यात साचलं तर कापसानं टिपून घ्या, नाहीतर शेंडा कुजतो. बोअरचं क्षाराचं पाणी टाळा; पावसाचं किंवा आरओचं चालतं.

खरी परीक्षा आपला उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, गॅलरीत ठेवलं तर पानं दोन दिवसांत सुरकुततात. एप्रिल लागला की कुंडी कूलरच्या खोलीत आणा, पण झोतासमोर नको, पलीकडच्या कोपऱ्यात, पूर्वेच्या खिडकीशी पडद्याआड. या झाडाची रंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, म्हणून रात्रीही कूलरची दमट हवा मिळाली तर त्याला फार बरं. पावसाळ्यात पाणी कमी करा, हवा खेळती ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात).

फुलांच्या बाबतीत मात्र नागपूर उदार आहे. दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो, आणि तो दिवाळीनंतरच्या रात्री आपसूक देतात. पानाच्या बगलेतून नवा कोंब दिसला की नीट निरखा: टोक गोल, गुळगुळीत असेल तर मूळ, चपटं, एका बाजूला खाच असलेलं असेल तर फुलांचा दांडा! पारा १३-१४ अंशांखाली जायला लागला की कुंडी घरात घ्या. कळ्या धरल्यावर जागा बदलू नका, कळ्या गळतात.

फुलं दोन-तीन महिने टिकतात. ती झडल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या पेराच्या जरा वर कापा, पुन्हा फुटू शकतो. वाळला असेल तर बुडापासून काढा.