सगळं गाव एकदम फोन उचलतं तेव्हा

३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री मी नागपुरातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर होतो. संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले, म्हणून ९९ नंतरचं ०० हे १९०० समजलं जाईल आणि सगळं ठप्प होईल, ही भीती घरोघरी पोचली होती. आम्हाला धास्ती वेगळीच होती. धरमपेठेतून महाल भागात कॉल जोडायला तारखेतलं वर्ष लागत नाही, ते बिलाला लागतं. पण बाराच्या ठोक्याला सगळ्यांनी ‘फोन चालू आहे का बघू’ म्हणून रिसीव्हर उचलला तर?

शंभर घरी फोन असले तरी शंभर जण एकदम बोलतील, असं धरून एक्स्चेंज कोणी बांधत नाही. रिसीव्हर उचलला की तुमच्या लाइनला नंबर ऐकून घेणारं एक उपकरण जोडलं जातं, मगच डायल टोन येतो. ही उपकरणं मोजकीच. सगळी अडकली की कानात नुसती शांतता.

लोक नेमके इथेच चुकतात. माझी आईसुद्धा खटखट क्रेडल, म्हणजे रिसीव्हरखालचा खटका, दाबायची. प्रत्येक खटक्यानं तुम्ही रांगेतून बाहेर पडता आणि पुन्हा शेवटी उभे राहता, वर यंत्रावर नवा बोजा. रिसीव्हर कानाला लावून दहा-वीस सेकंद गप्प थांबा. टोन येतो. एकदा मी तिचा हात धरून थांबवलं होतं, तेव्हा कुठे तो ‘कूंऽऽ’ आला आणि तिचा चेहरा सैल झाला.

मोबाइललाही हाच न्याय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा मी ताईला फोन लावत बसलो नाही. ‘आम्ही वर आहोत, ठीक आहोत’ एवढा एसएमएस टाकला. एसएमएसला जागा फार थोडी लागते, आणि लगेच पोचला नाही तरी यंत्रणा तो पुन्हा पाठवून बघते. रीडायल मात्र दाबत बसू नका; ११२ ला मदत मागणाऱ्याची वाट त्यानं अडू शकते, हे मी कळकळीनं सांगतो.

आणि आजच ठरवून ठेवा: गावाबाहेरचा एकच नातेवाईक. आमच्याकडे अमरावतीची मावशी आहे. सगळे तिलाच कळवतात, आणि पुढे ती सांगते.