कोकणी मासळीसोबत समुद्रकाठची पांढरी वाइन: निवड आणि वाढप

मालवण, वेंगुर्ला किंवा हर्णैकडच्या घरी ताज्या मासळीचे जेवण असेल आणि सोबत वाइन ठेवायची असेल, तर ती कोरडी (म्हणजे गोड नसलेली), हलकी आणि स्पष्ट आंबटपणा असलेली पांढरी वाइनच असावी, असे माझे ठाम मत आहे. तांबड्या वाइनमधील लोहामुळे मासळीचा उग्र वास तोंडात रेंगाळू शकतो. पांढऱ्या वाइनमध्ये लोह बहुधा कमी असते.

हा आंबटपणा हवामानातून येतो. द्राक्ष पिकत असताना हवा उष्ण असेल, तर त्यातील मॅलिक आम्ल वेगाने खर्च होते आणि साखर झपाट्याने वाढते. गार समुद्री वारा असेल, तर फळ सावकाश पिकते आणि आम्ल टिकून राहते. चिलीच्या कासाब्लांका खोऱ्यात हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे सकाळी धुके उतरते, म्हणून तेथील सोव्हिन्यॉन ब्लां ही पांढरी वाइन तरतरीत लागते. स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यावरील रियास बाइशास भागात पाऊस आणि दमटपणा इतका असतो, की अल्बारिन्यो द्राक्षाचे वेल आपल्याकडील पडवळाच्या मांडवासारखे ग्रॅनाइटच्या खांबांवर उंच चढवतात, जेणेकरून घडांखालून वारा खेळावा आणि बुरशी धरू नये. मासळीसोबत मला हीच वाइन सर्वांत आवडते. कोकण किनारा मात्र थंड नाही आणि पाऊसही अतोनात, त्यामुळे महाराष्ट्रातील वाइनच्या द्राक्षबागा प्रामुख्याने घाटावर, नाशिक परिसरात आहेत. तेथे उंचीमुळे हिवाळ्यातील रात्री गार असतात आणि द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. परदेशी बाटली महाग वाटत असेल, तर नाशिकची सोव्हिन्यॉन ब्लां निःसंकोच घ्यावी.

बाटलीवरील हंगामाचे वर्ष शक्यतो मागील एक-दोन वर्षांतील असावे, कारण अशा बहुतेक वाइनची मजा तिच्या ताजेपणात असते. मद्यार्क १२ ते १३ टक्के पुरे. ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन येथे टाळावी आणि दुकानात उन्हाच्या तिरिपेत उभी असलेली बाटली तर घेऊच नये.

रव्यात घोळवून तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, कालवे किंवा ओले खोबरे घातलेले तिसऱ्यांचे सुके यांच्यासोबत ही वाइन उत्तम लागते, कारण तिचा आंबटपणा लिंबाच्या फोडीचे काम करतो. आमसुलाबाबत मात्र सावध राहावे. पदार्थ वाइनहून अधिक आंबट झाला, की वाइन पाणचट लागते. त्रिफळ, आमसूल आणि भरपूर लाल मिरची घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यापुढे ती टिकत नाही. उलट मद्यार्कामुळे तिखटाचा जाळ वाढतो. त्या दिवशी वाइनचा हट्ट सोडावा, किंवा तळलेल्या तुकड्यांसोबत ती आधी संपवून मग तिखल्याकडे वळावे. सोलकढी शेवटी, भाताबरोबर घ्यावी.

ही वाइन ७ ते १० अंश सेल्सिअसला वाढावी. त्यासाठी बाटली दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावी. वीज गेलेली असेल, तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकावे आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवावी. नुसता बर्फ बाटलीला जागोजागीच टेकतो, पाणी तिला सगळीकडून वेढते, म्हणून पाणी घालण्यात कसूर करू नये. वीसेक मिनिटांत वाइन गार होते. आपल्या दमट उकाड्यात ग्लास लवकर कोमट होतो, तेव्हा एका वेळी थोडीच ओतावी, ग्लास दांड्याला धरावा आणि बाटली पुन्हा बादलीत ठेवावी. ग्लासात बर्फ टाकल्यास चव पातळ होते. फ्रीजरमध्ये विसरलेली बाटली फुटू शकते.

न उघडलेली बाटली कौलांखालच्या माळ्यावर ठेवू नये, कारण उन्हाळ्यात तेथील उष्णतेने वाइन लवकर बिघडते. फ्रिजचा खालचा कप्पा बरा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. त्यानंतर उरलेली वाइन तिसऱ्या शिजवायला वापरावी: तेलात ठेचलेला लसूण परतून धुतलेल्या तिसऱ्या टाकाव्यात, अर्धी वाटी वाइन ओतून झाकण ठेवावे, शिंपले उघडताच भांडे उतरवावे आणि जे उघडले नाहीत ते टाकून द्यावेत.