शिवण शिकायचंय? मग आधी उसवायला बसा

शिवण शिकतेय म्हटलं की आपल्याकडे समोरच्याचा प्रश्न ठरलेला, "मग ब्लाउज येतो का शिवता?" आणि ह्या एका प्रश्नापायी कितीतरी जणी क्लास अर्धवट सोडतात असं माझं स्पष्ट मत आहे. ब्लाउज हा नवशिक्यांचा कपडा नाहीच मुळी. अर्धा इंच इकडचं तिकडे झालं तरी अंगावर चढवल्या चढवल्या कळतं, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, काचतो नाहीतर खांद्यावरून उतरतो, त्यात अस्तर, टक्स, गळ्याचं पायपिंग, हुकाची पट्टी, म्हणजे सगळं अवघड ते एकाच छोट्याशा कपड्यात. मी क्लास केला, पूर्ण केला, झबलं-टोपडं, परकर, फ्रॉक, ब्लाउज, पंजाबी ड्रेस ह्या नेहमीच्या क्रमाने, वहीत छोटी छोटी पेपर कटिंग चिकटवली, आणि त्याचा उपयोग झाला नाही असं अजिबात म्हणणार नाही. मापं घेणं, छातीचा चौथा भाग, मुंढा कसा काढायचा हे क्लासमध्येच नीट कळतं. पण माझा हात खरा बसला तो घरातले जुने कपडे उसवून परत शिवताना. म्हणून कोणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी सांगते मशीन घेऊ नको, कापड घेऊ नको, घरातला एक जुना फुल शर्ट घे आणि उसवायला बस.

का, तर तयार कपडा कसा जोडलाय हे आपण कधी बघतच नाही. शर्ट उसवत गेलं की कळतं की बाही आधी मुंढ्याला लावलेली असते आणि मग बाहीच्या टोकापासून काखेतून थेट कमरेपर्यंत एकच लांब टीप जाते, कफ त्यानंतर बसतो. हे एकदा हाताने उलगडलं की पुढे कुठल्याही कपड्याकडे बघून कुठलं आधी कुठलं नंतर ते कळायला लागतं. उसवायलाही पद्धत आहे बरं का. ब्लेडने खसाखसा फाडायचं नाही. साध्या मशीनच्या टिपेत दोन धागे असतात, एक वरचा, एक खालच्या छोट्या रिळाचा म्हणजे बॉबिनचा, तर एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जायचं आणि मग कपडा उलटा करून दुसऱ्या बाजूचा धागा ओढायचा, अख्खाच्या अख्खा निघून येतो आणि कापडाला काही होत नाही. तांदळाच्या पोत्याची शिलाई वेगळी, ती साखळीची, बरोबर टोक सापडलं तर एका ओढीत सगळं उघडतं आणि चुकीच्या टोकाने कितीही ओढा, हलत नाही. जीन्सच्या पायाच्या खालच्या घडीला बऱ्याचदा तीच शिलाई असते, म्हणून तिथला एक धागा तुटला की बघता बघता अख्खी घडी सुटते.

आता त्याच शर्टावर पहिलं खरं काम करा, कॉलर उलटवायची. शर्ट अख्खा चांगला असतो पण कॉलर जिथे दुमडते तिथे मानेला घासून घासून झिजते, धागे दिसायला लागतात आणि आपण शर्ट टाकून देतो किंवा भांडीवालीला. आपल्या आज्या ही कॉलर काढून उलटी बसवायच्या. कॉलरचं पान हे खालच्या उभ्या पट्टीच्या दोन थरांमध्ये सँडविच केलेलं असतं. तर फक्त पट्टीच्या वरच्या काठाची टीप उसवायची, पट्टी शर्टापासून काढायची नाही. त्याआधी कॉलरचा मध्य आणि पट्टीचा मध्य चॉकने नाहीतर टाचणीने खूण करून ठेवायचा, हे विसरायचं नाही, नाहीतर बसवताना एक टोक पुढे एक मागे होतं. कॉलर मोकळी झाली की आतला कचरा, जुन्या धाग्यांचे तुकडे, सगळे वेचून काढा, झिजलेल्या रेषेवर आतून पातळ पेस्टिंगची पट्टी इस्त्रीने चिकटवा, मग कॉलर उलटी करून म्हणजे खालची कोरी बाजू वर आणून परत त्या दोन थरांमध्ये सरकवा, मध्य ते मध्य जुळवा, हाताने कच्चा धावदोरा घाला, आणि मग जुन्या टिपेची भोकं दिसतात त्याच रेषेवरून टीप मारा. ती भोकं म्हणजे तयार आखलेली रेष, नवशिक्याला ह्याहून चांगला गाइड मिळणार नाही. दोन गोष्टी मात्र आधी बघा. कॉलरच्या टोकांना बटणं लागणारा शर्ट असेल तर उलटवल्यावर काजं चुकीच्या बाजूला येतात, आणि काही शर्टांना खालच्या बाजूला प्लास्टिकच्या पट्ट्या घालायचे छोटे खिसे असतात ते वर येतील. असले शर्ट नकोत. प्लेन किंवा चेक्सचा साधा शर्ट घ्या.

एवढ्यासाठी मशीन लागत नाही, उलटा टाका हाताने बारीक घातला तरी कॉलर पक्की बसते. हाताचे चार टाके आले की घरातलं निम्म्याहून जास्त काम होतं, धावदोरा, उलटा टाका, हेमिंग आणि काजाचा टाका. धागा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होणारच. कापडाची कात्री वेगळी ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की ह्याने दुधाची पिशवी कापायची नाही, वर्तमानपत्र कापायचं नाही (सांगून उपयोग होत नाही, लपवूनच ठेवा). आणि इस्त्री! शिवताना इस्त्री बाजूला गरम पाहिजे. टीप मारली की दाबायची, घडी घातली की दाबायची, नुसत्या इस्त्रीने घरगुती काम दुकानातल्यासारखं दिसतं. नवीन कापड आणि अस्तर पाण्यातून काढल्याशिवाय लावायचं नाही, हे तर क्लासच्या बाईंनी डोक्यात इतकं भरलंय की झोपेतही सांगेन. सुती अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड आटत नाही, मग ब्लाउज सगळीकडून चुरगळल्यासारखा ओढला जातो आणि त्याला नंतर इलाज नाही.

मशीन घ्यायचं तर माझं मत जुनं काळं लोखंडी मशीन, सेकंडहँड, पायाचं असेल तर उत्तम कारण वेग आपल्या पायात राहतो, नंतर मोटर लावता येते. फक्त सरळ टीप मारतं पण ती जीन्सच्या चार थरांवरही मारतं. तेल शिवणमशीनचंच घाला, खोबरेल नको, ते आत चिकट होऊन बसतं. नवीन लोकांची सगळ्यात मोठी रड म्हणजे कापडाच्या खाली धाग्याचा गुंता होतो, आणि सगळे बिचाऱ्या बॉबिनला दोष देतात. गुंता खाली दिसत असेल तर बहुतेक वेळा घोळ वरच्या धाग्यात असतो, टेन्शनच्या चकत्यांमध्ये धागा नीट बसलेलाच नसतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून परत ओवून बघा. बॉबिनचा ताण बघायला बॉबिन केस धाग्याला धरून लटकवायची, नुसती धरली तर खाली घसरली नाही पाहिजे आणि हलका झटका दिला की थोडीशी उतरली पाहिजे.

सुईवर मात्र जरा थांबते, कारण अर्ध्या तक्रारी सुईच्याच. दुकानात गेलात तर घरगुती मशीनची सुई मागा, तिच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, फॅक्टरीच्या जुकी मशीनची सुई पूर्ण गोल दांड्याची, दोन्ही दिसायला सारख्या पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चपटी बाजू कुठे करायची हे मशीनप्रमाणे बदलतं, पण सुईला ज्या बाजूने लांब खाच असते त्या बाजूने धागा ओवायचा हे सगळीकडे सारखं. रुबिया, मलमल अशा पातळ कापडाला ११ नंबर, शर्टाच्या कापडाला १४, जीन्सला १६ नाहीतर १८. टीशर्टच्या ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट सुई, साधी सुई त्यातले फंदे तोडते आणि धुतल्यावर बारीक भोकं दिसतात. टाके सुटायला लागले, टकटक आवाज यायला लागला की आधी सुई बदला, मेकॅनिकला नंतर बोलवा.

जीन्स. सगळ्यांच्या मांडीच्या आतल्या बाजूला फाटतात, आणि सगळे फाटल्यावर आणतात, तर फाटायच्या आधी आणा. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, वरचे निळे धागे घासून गेले की पांढरे आडवे उरतात, ते दिसायला लागले म्हणजे वेळ आली. आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावायचा, उभा धागा उभ्याशी जुळवून, आणि विरलेल्या भागाच्या पुढे सगळीकडून इंचभर जास्त, कारण विरलेल्या काठावरच टीप मारली तर तिथूनच परत फाटतं. मग वर जवळजवळ पुढेमागे टिपा मारत जायचं, निळ्या धाग्याने. गुडघ्यावर जाड तुकडा चालतो, जांघेत, मांडीत मऊ राहिलं पाहिजे म्हणून तिथे जाड नको. खिशाच्या कोपऱ्यावरचे तांब्याचे रिवेट ही तर मुळात दुरुस्तीवाल्याचीच आयडिया, जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता अमेरिकेत, कामगारांच्या पँटी खिशापाशी फाटायच्या म्हणून त्याने रिवेट ठोकले आणि १८७३ साली लेव्ही स्ट्रॉससोबत त्याचं पेटंट घेतलं.

चेन बिघडली की लोक अख्खी चेन बदलतात. बहुतेक वेळा दात ठीक असतात, फक्त रनर, म्हणजे वरखाली सरकवायचा तुकडा, सैल झालेला असतो, तो पुढे जातो आणि मागे दात उघडेच. रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबा, एकेक बाजू, जोरात दाबलं तर तुटतो. नाही जमलं तर नवा रनर, पाठीमागे ३, ५, ८ असा नंबर असतो तोच न्यायचा, सरळ जुना रनर घेऊनच दुकानात जा. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर, ह्या गल्ल्यांमध्ये असलं सगळं मिळतं, फक्त लेस बघत बसलात तर संध्याकाळ होते. बॅगेचा बंद निघाला तर चौकोन शिवून आत फुली मारायची, नुसती आडवी टीप वजन धरत नाही. छत्रीचं कापड काडीच्या टोकापासून सुटलं तर मजबूत धाग्याने टोकाच्या भोकातून तीन-चार फेरे, दोन मिनिटांचं काम. आणि ती चकचकीत पर्स, जिचे पापुद्रे निघतात, तिच्यावर वेळ घालवू नका. ते चामडं नसतंच, कापडावरचा पीयूचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर असतो आणि आपल्या दमट हवेत तो कुजतच जातो, चिकटवून थांबत नाही.

पैठणी, जुने शालू ह्यांना नवशिक्याने हात लावू नये. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणजे मागून केलेलं कामही लपत नाही. तिथे रफूवालाच पाहिजे, जो कापडातलाच धागा काढून ताण्या-बाण्यात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांत, परत विणतो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगर ह्यासाठी प्रसिद्ध आहेत, पिढ्यान्पिढ्या शालींचं काम करतात. आपण एवढंच करायचं की घड्या अधूनमधून बदलायच्या, कारण रेशीम विरतं ते घडीवर. ज्या साड्यांना पदरामागे सुटे धागे असतात त्यांना मागून बारीक नेट लावून घ्या, बांगडीत अडकणं बंद होतं. रोजच्या सुती साडीचा मधला भाग विरला असेल तर तो कापून दंड घाला, म्हणजे उरलेले दोन तुकडे जोडा, हे मात्र शिकायला छान काम आहे, लांब सरळ टीप, आणि नेसल्यावर निऱ्यांत लपतं.

आता ह्यातून पैसे मिळवायचे का? मिळतात. पण कसे ते नीट समजून घ्या. टेलरला अल्टर नको असतं, नव्या शिलाईचा दर ठरलेला आणि उसवण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ते "दिवाळीनंतर या" म्हणतात. तेच काम तुमचं. फॉल-बिडिंग, पँटची उंची, चेन, ब्लाउज सैल करणं. सैल करायला घेताना आधी आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, किती सोडलीय ते उलटून बघा आणि मगच हो म्हणा, शिवून घेतलेल्या ब्लाउजला इंच-दीड इंच मिळते, रेडिमेडला इंटरलॉकपर्यंत, म्हणजे काठाच्या गुंफलेल्या शिलाईपर्यंत, कापलेलं असतं, तिथे काखेत वेगळी पट्टी घालावी लागते. ज्यांना नोकरीच करायचीय, गारमेंट युनिटमध्ये वगैरे, त्यांनी आयटीआयचा सूइंग टेक्नॉलॉजी ट्रेड बघावा, एक वर्षाचा आहे, फॅक्टरीचं पॉवर मशीन हाताळायला मिळतं, गल्लीतल्या क्लासमध्ये ते नसतं. घरून करायचं तर क्लास आणि सराव पुरेसा.

कपडा धुतलेलाच घ्या. घेताना गिऱ्हाइकासमोर उलटून बघा, आधीचा डाग, आधीचं भोक त्यांच्या देखत वहीत लिहा. तारीख सांगाल ती पाळा, लग्नसराईत तर दोन दिवस हातचे ठेवूनच सांगा. शेजारणीला "राहू दे गं पैसे" म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. आणि दर सांगताना शिलाईचा वेगळा, उसवायचा वेगळा असं सांगा, वहीतही दोन रकाने करा. पहिल्यांदा लोक कुरकुरतात, मग स्वतःच घरून उसवून आणतात, आणि ब्लेडने फाडून आणलं की रफूचे पण लावायचे.