पिल्लू खात नाही? आधी पोट बघा
टॅरँटुला या मोठ्या, केसाळ कोळ्याचं नखाएवढं पिल्लू अचानक खाणं सोडतं, तेव्हा जीव कासावीस होतो. आधी त्याचं पोट बघा. ते टम्म फुगून काळपट, चकचकीत दिसत असेल तर कात टाकायची वेळ जवळ आली आहे. डबीतला जिवंत किडा लगेच काढून घ्या. कात टाकताना पिल्लू इतकं मऊ असतं, की साधा रातकिडाही त्याला कुरतडू शकतो. डबीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एका कोपऱ्यात ओलसर ठेवा, चिखल नको. आणि पिल्लू उताणं दिसलं तर मेलं समजून हात लावू नका! टॅरँटुला बहुतेकदा पाठीवर पडूनच कात टाकतात. मग आठवडाभर धीर धरा. पांढरे दिसणारे विषदंत पुन्हा काळे झाले, की मेलेल्या रातकिड्याचा छोटा तुकडा द्या.