आरोग्याची बातमी पुरस्कारासाठी कशी पाठवायची? मराठी पत्रकारांसाठी

मुंबईत हेल्थ बीटवर मराठी पत्रकार मरमर काम करतात, पण पुरस्कारांना एन्ट्री पाठवायची वेळ आली की "ते इंग्रजीवाल्यांचं असतं, आपल्याला कोण विचारतंय" म्हणून फॉर्मच उघडत नाहीत. हे मला मनापासून खटकतं. केईएमच्या ओपीडीच्या रांगेत, शिवडीच्या टीबी हॉस्पिटलबाहेर, गोवंडीच्या गल्लीत पेशंटशी त्याच्याच भाषेत बोलणारे आपणच असतो ना?

आधी कुठे पाठवायचं ते ठरवा. चेन्नईची रीच संस्था टीबीवरच्या पत्रकारितेसाठी पुरस्कार देते आणि त्यात भारतीय भाषांचा विचार वेगळा होतो. रामनाथ गोएंका पुरस्कारांत प्रादेशिक भाषांचा विभाग आहे. आपल्या मुंबईतल्याच पॉप्युलेशन फर्स्ट संस्थेचे लाडली पुरस्कार स्त्री-पुरुष समानतेच्या नजरेतून केलेल्या कामासाठी असतात, म्हणजे बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यासारखा विषय तिथे अगदी चपखल बसतो. नियम, वर्षाची मर्यादा, शेवटची तारीख हे दरवेळी त्या संस्थेच्या साइटवरूनच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पोस्टवरून नको.

आणि पैसा कोणाचा आहे ते नक्की तपासा. औषध कंपनी किंवा हॉस्पिटलची साखळी प्रायोजक असेल तर ज्युरीत कोण आहे, निवडीत प्रायोजकाचा हात आहे का हे विचारा. पुरस्कार "मिळालाय", आता ट्रॉफीचे पैसे भरा, असा मेल आला तर सरळ डिलीट करा.

आता बातमी निवडायची. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी सगळ्यात दमदार असतेच असं नाही. अमेरिकेत हेल्थन्यूजरिव्ह्यू नावाच्या प्रकल्पाने आरोग्याच्या बातम्या तपासायला 10 कसोट्या वापरल्या होत्या, आपली बातमी त्यांवर घासून बघा: उपचाराचा खर्च सांगितलाय का, फायदा आकड्यांत सांगितलाय का, दुष्परिणाम आलेत का, पुरावा किती भक्कम आहे, ज्याचा स्वार्थ नाही अशा डॉक्टरशी बोललात का, की नुसती प्रेस नोट उतरवली? आकड्यांचं तर फार जपा. समजा एखादा आजार 10,000 माणसांत दोघांना व्हायचा आणि गोळीमुळे एकालाच झाला, तर कंपनी म्हणणार "धोका 50 टक्क्यांनी कमी". खोटं नाही ते, पण 10,000 जणांनी गोळी घेतली तेव्हा एकजण वाचला हेही वाचकाला कळायला हवं, आणि तुमच्या बातमीत ते असेल तर ज्युरीतल्या जाणकार माणसाला लगेच दिसतं.

एका पेशंटचं दुःख मांडून थांबलेली बातमी आणि ते दुःख कुठल्या टेबलावरून सुरू झालं ते शोधणारी बातमी, यात दुसरी निवडा. 1986 मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 पेशंट दगावले, त्यानंतरच्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध खरेदीपासून एफडीएपर्यंतचा (अन्न व औषध प्रशासन) कारभार उघडा पडला. हेल्थ बीटवर नव्याने आलेल्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावंच.

मग फाइल बनवा, आणि खरं तर बातमी छापून येण्याआधीच ही फाइल बनायला हवी. छापील पान तारखेसकट स्कॅन, लिंकची पीडीएफ (लिंक कधी उडेल सांगता येत नाही), मुलाखतींच्या नोट्स, माहिती अधिकाराचे अर्ज आणि उत्तरं. 10 रुपयांत अर्ज होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे पालिकेचं उत्तर आलं नसेल तर तो अर्ज आणि अपीलही फाइलीत ठेवा, कारण तुम्ही विचारलं होतं याचा तो पुरावा आहे.

पेशंटची संमती लेखी घ्या, त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवून घ्या, आणि बातमीसाठी दिलेली संमती पुरस्काराच्या स्टेजवर फोटो दाखवायला चालते असं गृहीत धरू नका, पुन्हा फोन करून विचारा. एचआयव्ही आणि मानसिक आजाराच्या बाबतीत तर 2017 चे दोन्ही कायदे पेशंटची गोपनीयता जपायला सांगतात. केसपेपरचा फोटो जोडताना नाव, नंबर, पत्ता काळा करा, कोपऱ्यातला बारकोडसुद्धा.

एन्ट्रीसोबत द्यायचा बातमीचा सारांश लिहिताना बहुतेकांची गाडी अडते. समजा पालिकेच्या हॉस्पिटलांत औषधं नसल्याची मालिका आहे. "या मालिकेने आरोग्य व्यवस्थेचं भीषण वास्तव मांडलं" असं लिहिलंत तर ज्युरीला काहीच कळलं नाही. त्याऐवजी असं लिहा: "वॉर्डातल्या पेशंटना बाहेरून औषध आणायच्या चिठ्ठ्या मिळत होत्या. त्या चिठ्ठ्या गोळा केल्या, औषधांची नावं पालिकेच्या खरेदी यादीशी ताडून बघितली, रखडलेलं टेंडर माहिती अधिकारातून मिळवलं, प्रशासनाची बाजू घेतली." चार ओळीत काम दिसलं की नाही? परिणाम लिहिताना मात्र हात आखडता ठेवा, तुमच्या बातमीनंतर टेंडर निघालं असेल तर "नंतर निघालं" म्हणा, "बातमीमुळे" म्हणायचं तर तसा कागद हवा. अमेरिकेतल्या आरोग्य पत्रकारांची संघटना 2004 पासून पुरस्कार देते, तिथे एन्ट्रीसोबत प्रश्नावली भरावी लागते, बातमी कशी मिळाली, कुठली कागदपत्रं वापरली वगैरे. तशी उत्तरं स्वतःसाठी लिहून बघा, सारांश त्यातूनच निघतो.

इंग्रजी भाषांतर मागितलं असेल तर पूर्ण बातमीचं द्या, मूळात नसलेलं एक वाक्यही घालू नका, आणि औषधांची नावं, डोस एखाद्या डॉक्टरकडून तपासून घ्या. सोबत काम केलेला फोटोग्राफर, स्ट्रिंगर यांची नावं एन्ट्रीत घाला, नियमात बसत नसेल तर सारांशात तरी घालाच, गोवंडीतल्या घराघरात तुम्हाला घेऊन गेलेल्या आशाताईंना (आशा सेविकांना) विचारून त्यांचाही उल्लेख करा.

शेवटच्या दिवशी फाइल अपलोड करायला बसू नका, दोन दिवस आधी पाठवा, पोच आल्याचा मेल जपून ठेवा. निकाल काहीही लागो, ती फाइल बंद करू नका, सहा महिन्यांनी त्याच वॉर्डात जाऊन औषध मिळतंय का ते बघा आणि फॉलोअपची बातमी करा.