१:३२ कॅनबेरा व्हॅक्युफॉर्ममधून: कड कशी घासायची आणि बाकीचं कसं उरकायचं

व्हॅक्युफॉर्म म्हणजे गरम प्लास्टिकची शीट साच्यावर ओढून बनवलेलं मॉडेल. अशा किटच्या खोक्यात पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या मोठ्या शीट असतात, त्यांवर विमानाचे अर्धे अर्धे भाग फुगून वर आलेले असतात, आणि सोबत एखादा नकाशा. जोडायला पिना नाहीत, खाचा नाहीत. चाकं, चाकांचे पाय, खुर्च्या दिल्याच असतील तर त्या नावापुरत्या. किट फक्त आकार देतं, माप आपण द्यायचं. हे ज्याच्या डोक्यात शिरत नाही तो पुढे किलोभर पुटी चोपडत बसतो आणि व्हॅक्युफॉर्मला शिव्या देतो.

मी उदाहरण घेतोय भारतीय वायुसेनेच्या कॅनबेरा बी(आय)५८ या जेट बॉम्बरचं. कॅनबेरा १९५७ साली आपल्याकडे आलं आणि ११ मे २००७ ला निवृत्त झालं. पुण्याच्या लोहगावला त्याचा मुक्काम मोठा, त्यामुळे पुणेकरांच्या एका पिढीने ते डोक्यावरून जाताना पाहिलेलं आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार १९.५१ मीटर आणि लांबी जवळपास २० मीटर. १:३२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बत्तिसाव्या भागात, साधारण ६१ सेंटीमीटर रुंद आणि ६२ सेंटीमीटर लांब. ते ठेवणार कुठे, हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. पहिल्या मोठ्या व्हॅक्युफॉर्मसाठी हे विमान मी मुद्दाम सुचवतो, कारण त्याचं धड बहुतेक ठिकाणी चक्क गोल आहे. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

कटर, मास्किंग टेप, लिक्विड सिमेंट, कॅलिपर हे तुमच्याकडे आहे असं धरतो.

कापणं

भागाची भिंत शीटला जिथे मिळते तिथे बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करने सगळीकडून रेघ मारा. कटर तिरका धरून त्या रेघेवरून दोन-तीन हलके हात फिरवा, शीट मागे वाकवा, भाग तुटून येतो. कात्री वापरू नका. भाग सुटल्या सुटल्या आतून त्याचं नाव लिहा, डावं-उजवं सकट.

घासायला घेण्यापूर्वी एक काम. गरम शीट साच्यावर जिथे सगळ्यात जास्त ताणली जाते तिथे ती सगळ्यात पातळ होते. कॅनबेराच्या बाबतीत ती ठिकाणं म्हणजे नाक, पंखांची टोकं आणि इंजिनांच्या तोंडाच्या कडा. तिथे आतून एम-सील दाबून भरा आणि रात्रभर सोडा. नाहीतर घासताना भोक पडेल आणि ते नेमकं सगळ्यांना दिसेल अशा जागी पडेल.

घासणं

आता खरं काम. मला या एका टप्प्याने जितकं छळलं तितकं बाकी सगळ्या किटने मिळून नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

भाग शीटपासून तोडला तरी त्याच्या कडेला शीटची जाडी लागलेलीच असते. मोठ्या मापात ही शीट सहसा दीड मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही अर्ध्यांवर तशीच ठेवलीत तर धड तीन मिलिमीटरनी फुगतं. तीन गुणिले बत्तीस, म्हणजे खऱ्या विमानात ९६ मिलिमीटर. जवळजवळ चार इंच जाड झालेलं कॅनबेरा लांबूनही ओळखू येतं, फक्त काय बिघडलंय ते सांगता येत नाही. उलट, जास्त घासलं तर धड चपटं होतं. त्यामुळे बरोबर शीटच्या जाडीइतकंच काढायचं.

थांबायचं कधी हे मार्करची रेघ सांगते. घासत गेलात की कडेचा उरलेला काठ पातळ होत जातो आणि शेवटी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो, रेघेची शाई त्याच्यावरच असते. तो जिथे सुटला तिथे ती कड झाली. तो सगळीकडून एकाच वेळी सुटला पाहिजे. पुढून सुटला आणि मागे अजून जाड आहे, याचा अर्थ तुमचा हात पुढे जास्त दाबतोय.

पाया सपाट हवा. जुन्या टीपॉयची जाड काच सगळ्यात उत्तम. वॉटर पेपरची शीट ९ बाय ११ इंच असते, आणि आपलं धड त्याच्या दुपटीहून लांब. म्हणून १२० नंबरचे तीन कागद लांबीला लांबी लावून काचेवर डबल टेपने चिकटवा. कागद एकमेकांवर चढू देऊ नका, चढलेली कड प्लास्टिकला खणते. मध्ये केसभर फट राहिली तर चालते. पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. कोरडं घासणारे भेटतात, त्यांचा कागद पाच मिनिटांत भरतो आणि पुढे ते प्लास्टिक घासत नाहीत, तापवतात. शिवाय ती धूळ छातीत जाते.

आता सगळीकडे मिळणारा एक सल्ला: 'इंग्रजी आठाच्या आकारात गोल गोल घासा.' पंखासारख्या चपट्या भागाला ते ठीक आहे. धडाच्या लांब पन्हळीला नाही. पन्हळीच्या पाठीवर तळहात दाबला की दोन्ही भिंती बाहेर फाकतात आणि कड तिरकी घासली जाते. हात उचलला की भिंती पुन्हा आत येतात. मग दोन अर्धे समोरासमोर धरले की फक्त बाहेरच्या कडेने टेकतात आणि आतून फट राहते. अशा केसभर सांध्यावर पुटी चोपडणारे लोक पुढे सहा महिन्यांनी त्याच रेघेवर पडलेल्या भेगेचे फोटो काढतात.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. घासण्याआधी पन्हळीच्या आत दर पाच-सहा सेंटीमीटरवर प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या चिकटवा. कडेपासून चार मिलिमीटर आत बसवा, म्हणजे त्या कागदाला लागणार नाहीत. त्या त्या ठिकाणची रुंदी नकाशावरून घ्या, त्यातून दोन्ही भिंतींची जाडी वजा करा आणि पट्टी तेवढी कापा. आता भिंती फाकणार नाहीत. भाग दोन्ही हातांनी दोन टोकांजवळ धरा, लांबीच्या दिशेने सरळ ढकला आणि ओढा. वीसेक फेऱ्या झाल्या की भाग उलटा फिरवा, शेपटीची बाजू नाकाकडे. आपल्याकडच्या बाजूवर हात नेहमी जास्त दाबतो, कितीही सराव असला तरी. फिरवत राहिलात तर ती चूक दोन्हीकडे सारखी वाटली जाते.

पापुद्रा सुटायला आला की १२० काढून ३२० लावा. शेवटचा अर्धा मिलिमीटर १२० वर घासणारा माणूस रेघेवर थांबूच शकत नाही.

आणि मापायचं. दोन अर्धे एकमेकांशी जुळले म्हणजे झालं, असा समज सगळीकडे आहे. दोन्ही अर्धे सारखेच जास्त घासलेले असले तरी ते एकमेकांशी छान जुळतात! हे मला उमगायला बराच काळ लागला. इथे कॅनबेराचं गोल धड कामी येतं. दर पाच सेंटीमीटरवर खूण करा आणि कॅलिपरने अर्ध्याची खोली मोजा. ती त्या जागच्या रुंदीच्या बरोबर निम्मी हवी. कॉकपिटच्या भागात हा हिशोब चालत नाही, तिथे नकाशावरून पुठ्ठ्याचे साचे कापून पडताळा. खोली कमी भरली तर कडेवर पाव मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी चिकटवून पुन्हा घासा. पुटी नाही. पुटी आकसते आणि तिच्यावर सिमेंट धरत नाही.

पंखांचं थोडं वेगळं. मागची कड, ट्रेलिंग एज, खऱ्या विमानात सुरीच्या पात्यासारखी असते आणि किटमध्ये दोन शीटची जाडी. बरेच जण वरचा आणि खालचा दोन्ही भाग आतून निमुळते करतात. मी वरच्या भागाला हात लावत नाही. सगळं खालच्या भागातून, आतल्या बाजूने काढतो. वरचा वळसा नजरेत असतो, तो साच्याने दिला तसा राहू दे. कटरचं पातं उभं धरून मागच्या कडेला दोन सेंटीमीटर रुंदीचा पट्टा खरवडत जा. भाग खिडकीकडे धरून पाहा. कडेतून उजेड सगळीकडे सारखा येऊ लागला की थांबा.

आतला सांगाडा

गोल फ्रेम दीड मिलिमीटरच्या एचआयपीएस (पॉलिस्टायरीनचाच चिवट प्रकार) शीटच्या कापा. साइनबोर्डवाल्यांकडे मिळतो तो सनबोर्ड घेऊ नका, तो फुगवलेला पीव्हीसी आहे, स्टायरीनच्या सिमेंटने त्याचा भरवशाचा जोड होत नाही. सांध्याच्या आत एकदा डाव्या, एकदा उजव्या अर्ध्याला अशा आलटून पालटून पट्ट्या लावा. पंखांसाठी धडातून आरपार जाणारा ॲल्युमिनियमचा किंवा पितळी चौकोनी नळीचा स्पार, म्हणजे आधाराचा दांडा, हवाच. ६१ सेंटीमीटरचा पंख नुसत्या काठ-सांध्यावर उभा करणारे आशावादी असतात. पंख आणि शेपटीचे आडवे पंख, दोन्हींना वरच्या दिशेने कोन आहे, तो सुकेपर्यंत पुस्तकांची थप्पी लावून धरा.

वजन: कॅनबेरा शेपटीवर बसतं. नाकात नॅव्हिगेटर आणि काच असल्याने जागा कमी आहे, म्हणून कॉकपिटच्या तळाखाली आणि इंजिनांच्या नॅसेलच्या (बाहेरच्या खोळीच्या) पुढच्या भागात शिसं भरा. धड बंद करण्याआधी सगळं टेपने तात्पुरतं जोडून मुख्य चाकांच्या जागी दोन पेन्सिलींवर तोलून पाहा, आणि लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच भरा, कारण शेपटीकडे रंग आणि पुटी अजून चढायची आहे. शिसं फेव्हिकोलने चिकटवू नका. त्या गोंदाशी शिशाची रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि काही वर्षांनी नाक फाडून बाहेर येतं. एपॉक्सी वापरा.

घरी बनवायचे भाग

पाय पितळी नळ्यांचे. एकात एक बसणाऱ्या नळ्या पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला शोधा. तीन मिलिमीटरची आत आणि चारची बाहेर, झाला शॉक ॲब्सॉर्बर. एकत्र बसवा, फ्लक्स लावा, चांगल्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने डाग द्या. पाय पंखाच्या कातडीला नाही तर स्पारला अडकला पाहिजे. प्लास्टिकची कातडी वजनाखाली, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात, हळूहळू वाकते आणि एप्रिलमध्ये सरळ उभं असलेलं विमान जूनमध्ये फेंगडं दिसतं.

चाकं ॲक्रिलिकची. होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) चकती कापली की मधलं भोक आपोआप मिळतं. बोल्टवर घट्ट बसवा, ड्रिलमध्ये फिरवा, कानस आणि मग वॉटर पेपर टेकवा. मुख्य पायांना एकेक चाक, नाकाला जोडी.

कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, मात्र घाईने करू नका. बी(आय)५८ ची कॅनॉपी फायटरसारखी फुगीर आहे आणि ती मधोमध नाही, डावीकडे सरकलेली आहे. नॅव्हिगेटर पुढे खाली नाकात. मधोमध बसवलेली कॅनॉपी मी प्रदर्शनात पाहिलेली आहे. बंगळुरूच्या एचएएलच्या संग्रहालयात कॅनबेरा उभं आहे, जमलं तर जाऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

साचा सागवानाचा कोरा, कॅनॉपीपेक्षा अर्धा इंच खोल. वर कारची पुटी, प्रायमर, मग १००० नंबरपर्यंत घासा. लाकडाची रेषा साच्यावर राहिली तर ती काचेवर उमटते. प्लायमध्ये कॅनॉपीच्या आकाराहून दोन मिलिमीटर मोठं भोक कापा, त्यावर एक मिलिमीटरची पीईटीजी (पारदर्शक प्लास्टिक) शीट खिळ्यांनी ताणून बसवा, ओव्हनमध्ये ती लोंबायला लागेपर्यंत तापवा, आणि साचा एका दमात खाली दाबा. हातात जाड मोजे हवेत. 'ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट वापरा' असं सांगणाऱ्याने ती कधी तापवून पाहिलेली नाही, ती मऊ होण्याआधी आकसते. चार-पाच काढा आणि सगळ्यात स्वच्छ ती ठेवा. नाकाची काचही याच पद्धतीने.

इंजिनांची तोंडं किटमध्ये नेहमी भोंगळ येतात. कड कापून टाका आणि प्लास्टिकच्या रिंगा एकावर एक चिकटवून नवी घडवा.

शेवटचं

सांधे भरायला कारची दोन भागांची पुटी, पातळ थरांत. पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, जाड टेपच्या आधाराने कोरा, आणि कमीच. राखाडी प्रायमर मारा, सांधा दिसला तर पुन्हा घासा. रंगाआधी कोणत्या सालचं विमान करताय ते ठरवा, कारण पन्नास वर्षांत रंगसंगती बदलत गेली, आणि त्याच सालचा फोटो समोर ठेवा.

लॅकर पावसाळ्यात मारू नका. हवेतला दमटपणा थरात अडकतो आणि रंग पांढुरका पडतो, मग पॉलिश करा नाहीतर काहीही करा. जुलैमध्ये विमान रंगाला तयार झालं असेल तर तोवर चाकाचे दरवाजे आणि तांब्याच्या तारेच्या अँटेना करून ठेवा, त्या तशाही सगळ्यात शेवटी लावायच्या असतात.